दिवा लावण्याआधी

"मावशे, तुज्या कामाचे किती धरू?"

सिद्धीने हे विचारलं तेव्हा आनंदीचे दोन्ही हात कोपरापर्यंत काजूच्या बोंडूंच्या रसात होते. कपाळावरची बट तिने दंडाने मागे सारली आणि भाचीकडे पाहिलं. सिद्धी पाटावर बसून मोबाइलवर हिशेब मांडत होती. चहा पावडर झाली, साखर झाली, गॅस झाला, बाटल्यांची बुचं झाली.

"कसल्या कामाचे?"

"ह्याच गे. चाय उकळतंस, रस पिळतंस, बाटल्यो धुतंस. त्येचे दिवसाक किती?"

"घरातल्या कामाचे कोण पैशे धरता?"

"हिच्या कामाचे धरूक बसलंस तर माका घर इकूचा लागतला!" ओसरीवरून दत्ताराम ओरडला. हा आनंदीचा नवरा. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, मग पाठ गेली, आणि आता तो ओसरीवर बसून सगळ्या जगाला रस्ता दाखवायचा.

आनंदी हसली. सिद्धीही हसली आणि त्या जागी तिने शून्य घातलं.

सिद्धी ही आनंदीच्या थोरल्या बहिणीची, डिचोलीला दिलेल्या शालिनीची मुलगी. आनंदीला स्वतःचं मूलबाळ नाही. मे महिन्याच्या सुटीत सिद्धी कोरगावला यायची, चहात पावाचे उंडे बुडवून खायची आणि मावशीच्या कुशीत झोपायची. परत जाताना आनंदी तिला बसमध्ये बसवून द्यायची आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही. आता सिद्धी पणजीला मोठ्या कॉलेजात धंद्याचं शिक्षण घेत होती. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करायचा होता: फळांच्या स्वादाचा कोंबुचा लहान प्रमाणावर बनवला तर परवडतो का? विषय शोधत तिला फार हिंडावं लागलं नाही. तो मावशीच्या स्वयंपाकघरात फडक्याखाली आंबत होता.

कोंबुचा म्हणजे साखर घातलेला कोरा चहा. त्यावर एक जाड, बुळबुळीत साय ठेवायची, वर फडकं बांधायचं आणि आठवडाभर हात लावायचा नाही. चहा आंबट-गोड होतो. मग त्यात फळाचा रस घालून बाटलीला घट्ट बूच मारलं की आत वायू धरतो आणि उघडताना सोड्यासारखा फसफसतो. दर खेपेला जुन्या सायीवर नवी पातळ साय धरते. सगळी करामत त्या सायीची. ती नसेल तर नुसता शिळा चहा.

आनंदीला ती मिळाली मांद्र्याच्या एका गेस्टहाउसवर. तिथे ती खोल्या झाडायची, संडास-बाथरूम धुवायची. मारिना नावाची एक रशियन बाई तिथे वर्षानुवर्षं राहायची आणि खिडकीपाशी एका चौकोनी काचेच्या बरणीत हा चहा आंबवायची. लॉकडाउनच्या वेळी ती महिन्याभरासाठी म्हणून मायदेशी गेली, ती परत आली नाही. मालकाने आनंदीला सांगितलं, ती घाण मोरीत ओत. आनंदीने बरणी उचलली, आणि जन्मभर दही लावणाऱ्या त्या बाईचा जिवंत वस्तू मोरीत ओतायला हात धजेना. बरणी तिने घरी आणली. साय त्या बरणीच्या आकाराची, चार कोपऱ्यांची झाली होती.

बोंडू पिळून हुराकाची दारू काढणाऱ्या गावात आनंदीने बोंडू पिळून चहात घातले. मग आमसोलं, अननस, जांभळं. मांद्र्याच्या एका कॅफेचा मॅनेजर प्रज्योत दर आठवड्याला एक क्रेट घेऊ लागला. तो एक दिवस म्हणाला, "बायें, फुडच्या सीझनाक एक मोठो रिसॉर्ट तुमचो माल घेतलो. रोजच्यो बाटल्यो. मी तुमचां नाव घालतंय. पण लायसन व्हया आनी बाटलीर लेबल व्हया."

त्या दिवसापासून आनंदीच्या डोक्यात एवढंच होतं. रिसॉर्टची ऑर्डर लागली की दुसऱ्यांचे संडास धुवायचे नाहीत. तिला बंगला नको होता, सोनं नको होतं. सकाळी उठून स्वतःच्या घरात स्वतःचं काम करायचं, एवढं हवं होतं. चैत्रात तिने गेस्टहाउसचं काम सोडलंसुद्धा. मालक म्हणाला, थांब. ती म्हणाली, नाही. असं तोंडावर नाही म्हणायची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच खेप होती, आणि घरी येताना तिला इतकं बरं वाटलं की तिने वाटेत दत्तारामसाठी भजी घेतली.

लायसन आणि लेबल सिद्धीने अंगावर घेतलं. "तू काय्येक चिंता करू नको गे मावशे," म्हणाली आणि मावशीला बरणीशेजारी उभी करून फोटो काढला. "हास मगे!" आनंदी हसली. तिला फोटोत हसायची सवय नव्हती, म्हणून ते हसू खरंच आलं.

कोरगावात विरजणाची एक रीत आहे. ते विकायचं नाही आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. फक्त एकदा दिवेलागण झाली की घराबाहेर द्यायचं नाही, घरातली लक्ष्मी त्याच्याबरोबर जाते. शेजारच्या सुलोचनाच्या घरात दही कधी टिकायचंच नाही. दोन दिवसांआड ती संध्याकाळी वाटी घेऊन दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी हजर, आणि तीही अगदी दिवस बुडता बुडता. तिला दुरून येताना पाहिलं की आनंदी हातातली काडेपेटी खाली ठेवायची, आधी तिला विरजण द्यायची आणि मग दिवा लावायची. दत्ताराम म्हणायचा, "आमची लक्ष्मी त्या सुलोचनेच्या घड्याळार चलता."

रिपोर्ट पुरा झाल्यावर सिद्धीचा फोन आला. पहिला नंबर आला होता. लायसनसाठी तपासणी करायला थोडी साय लागेल, ती न्यायला संध्याकाळी येते म्हणाली.

संध्याकाळ झाली, सिद्धी आली नाही. सूर्य बुडाला. चारी बाजूंनी घराघरांतून दिवे दिसू लागले. आनंदीने तुळशीपुढे वात भरून ठेवली होती, काडेपेटी मांडीवर होती, आणि ती पायरीवर बसून राहिली.

"दिवो लाव गे!" दत्ताराम कातावला. "कोणतरी मेला म्हणतीत लोक."

"चेडू वाटेर आसा. दिवो लावल्यार मगे दिवं कशी?"

"फाल्या सकाळी दी."

"इरजण मागूक इल्ल्याक फाल्या ये म्हणतत काय? आनी तां आपलां चेडू."

सिद्धी आली तेव्हा मिट्ट काळोख होता. मोबाइलच्या उजेडात आनंदीने चौकोनी बरणीचं फडकं सोडलं. वरची नवी, पातळ साय तिने बाजूला केली आणि खालून जुनी, बोटभर जाड साय दोन्ही हातांनी उचलली.

"ती मुळातली मगो?" दत्ताराम भिंतीला धरून आत आला. "तिका वयली दी. पातळ आसा ती."

"लेकीक पातळ दिवं?"

तिने ती जाड साय घडी घालून आपल्या चिनीमातीच्या बरणीत ठेवली, वरून जुना चहा ओतला आणि बरणी सिद्धीच्या हातात दिली. "बरणी रिकामी परत धाडू नको हां," ती थट्टेने म्हणाली. भांडं रिकामं परत करू नये, ही रीत सिद्धीला लहानपणापासून ठाऊक होती.

"रिपोर्टात काय इलां?" आनंदीने विचारलं.

"तुजी मजुरी धरली की धंदो परवडना नाय गे मावशे. धरली नाय की बरो परवडता."

"मगे धरू नको!" आनंदी म्हणाली.

गाडी गेल्यावर तिने दिवा लावला.

पावसाळ्यात तिच्याकडची पातळ साय धरेना. ओल सगळीकडे होती, आणि एका सकाळी फडकं सोडलं तर सायीवर हिरवट बुरशी. तिने ती उचलून पाहिली, ती हातातच फाटली. बोंडूचा गाळलेला रस बाटल्यांत तयार होता, अननस सांगून ठेवले होते. तिने सिद्धीला फोन केला. काळजी नव्हतीच, दिलेलं विरजण परत मागायला कुणी लाजतं का?

"सिद्धी, माजी साय गेली गे. तुज्याकडली इल्लीशी दी. मी येवन न्हेतंय."

 सिद्धी एकदम शुद्ध मराठीत बोलू लागली.

"मावशी, त्याचं असं आहे. आम्ही तिघांनी मिळून कंपनी केली आहे. ते कल्चर आता कंपनीचं आहे. बाहेर देता येत नाही."

"गे, इरजण तां."

"विरजण नाही ते, मावशी. तू समजून घे. भागीदार आहेत, कर्ज आहे. माझ्या एकटीच्या हातात नाही."

"मी दिल्लां तेन्ना माज्या एकटीच्या हातात व्हतां."

"आपण नंतर बोलू हं," सिद्धी म्हणाली. तिचा आवाज गोड होता. लहानपणी आजारी मावशीचं कपाळ चेपताना असायचा तसाच.

विरजणाला नाही म्हटलेलं आनंदीने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शालिनीला सांगू म्हणून तिने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. शालिनीला माहीत नसेल असं थोडंच होतं.

सीझन सुरू झाला तशी ती मांद्र्याला प्रज्योतकडे गेली. माल नाही, थोडे दिवस थांब, एवढंच सांगायला. प्रज्योतने तिला खुर्ची दिली आणि फ्रिजमधून एक बाटली काढून पुढ्यात ठेवली. बाटलीवर तिचा फोटो होता. बरणीशेजारी उभी, हसणारी.

"रिसॉर्टवाल्यान ह्योच घेतल्यो," प्रज्योत म्हणाला. "मी समजलंय तुमचीच कंपनी. तुमी सांगूक इल्यात नाय म्हणान माका वायट दिसलां."

"खाला काय बरयलां?"

प्रज्योतने इंग्रजी वाचून सांगितलं. "आजीच्या हातचां."

आनंदीने बाटली फिरवून पाठ पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. ज्या बाईला कुणी आई म्हटलं नाही तिला दुकानादुकानांत आजी करून ठेवली होती. गिऱ्हाइकं विचारतात, ही आजी खरी आहे का, असं प्रज्योत कौतुकाने सांगत होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याने ती बाटली तिला फुकट दिली.

घरी येऊन तिने गोड चहा केला, गार केला, चौकोनी बरणीत ओतला आणि ती बाटली त्यात रिकामी केली. एका बाटलीतूनही साय धरते, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. फडकं बांधून ती रोज सकाळी पाहायची. काही धरलं नाही. दुकानात टिकावी म्हणून सिद्धीकडची बाटली गरम करून भरतात, हे प्रज्योतने तिला नंतर सांगितलं. आतलं सगळं मेलेलं. शेवटी चहाला नुसती आंबूस घाण आली आणि मुंग्या चढल्या.

"मेल्ल्याक चाय पाजी बसलंस," दत्ताराम म्हणाला.

त्याला विनोद करायचा होता. आनंदीने बरणी उचलली आणि मोरीत ओतली.

दिवाळीच्या तोंडावर डिचोलीहून तिची चिनीमातीची बरणी परत आली. शालिनीचा नवरा देऊन गेला, चहालाही थांबला नाही. झाकणावर फडकं नीट बांधलेलं होतं आणि बरणीला वजन होतं.  म्हणजे पोरीने लाज राखली. भागीदारांना चोरून का होईना, साय पाठवली. हात धुऊन, पदराला पुसून आनंदीने गाठ सोडली.

आत एक पांढरी टोपी होती, रबरी हातमोज्यांची जोडी, प्लास्टिकचा एप्रन, आणि वर मूठभर साखर. बरणी रिकामी परत करायची नसते, हे सिद्धी विसरली नव्हती.

संध्याकाळी सिद्धीचा फोन आला. पेडण्याच्या बाजारामागे गाळा घेतलाय, बाटल्या धुवायला भरवशाचं माणूस हवंय. "परक्या बाईपेक्षा तू बरी. आणि बघ मावशी, आता तुझ्या कामाचे मी धरलेत."

"जाव नको," दत्ताराम म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. आनंदीने त्याच्या पाठीला तेल लावत विचारलं, "मगे खंय जाव?" गेस्टहाउसवर तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. 

ती जाऊ लागली. हॉटेलांतून परत आलेल्या बाटल्या मोठ्या टपात भिजायच्या आणि ती बसून एकेका बाटलीचं लेबल सुरीने खरवडायची. आधी कपाळ निघायचं, मग डोळे. हसू शेवटपर्यंत काचेला चिकटून असायचं, त्याला काथ्या लागायचा. शेजारी काम करणारी मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, "मावशे, ही तुमीच मगे?" दुसऱ्या दिवशी तीही ते हसू खरवडू लागली. तिलाही सवय झाली. साय ठेवलेल्या खोलीत जायची बाटल्या धुणाऱ्यांना परवानगी नव्हती. दाराला कुलूप असायचं.

एका शनिवारी सिद्धीने तिला मागच्या दारी बोलावलं. पिंपांत साय फार माजली की जादा झालेली काढून टाकावी लागते. ती दोन बादल्यांत भरून ठेवली होती. शेजारी खड्डा आणि ब्लीचिंग पावडरीचा डबा.

"खड्ड्यात टाक आणि वरून पावडर घाल," सिद्धी म्हणाली. "नीट घाल. मागे एकीनं डब्यातून नेली, आता तिची बाटली हरमलला विकतात."

आनंदी बादलीपाशी वाकली. सगळ्या साया गोल होत्या, पिंपाच्या आकाराच्या, पांढऱ्याशुभ्र. एकच तळाशी होती काळपट, जाड, चार कोपऱ्यांची. तिने ती उचलली. हातमोज्यातूनही ती तिला ओळखू आली.

"ही माजी," ती म्हणाली.

"जुनी झाली ती. पिंपात नुसती जागा अडवते."

"टाकतंसच, मगे माका दी." ती सिद्धीकडे पाहत होती. चोरून न्यायची असती तर तिच्या जेवणाच्या डब्याला झाकण होतं. पण विरजण मागून न्यायचं असतं. "रिसॉर्टाक दिवचंय नाय. कोणाक इकूचंय नाय. घरात ठेयतंय."

सिद्धीने आजूबाजूला पाहिलं. दारात दोन बायका उभ्या होत्या. तिचा चेहरा क्षणभर अवघडला, त्या अवघडण्यात सुटीतली पोर दिसली, आणि लगेच पुसली गेली.

"तुला दिली की सगळ्या मागतील, मावशी. नियम सगळ्यांना सारखा." तिने पावडरीचा मग भरून आनंदीच्या हातात दिला. "घाल."

आनंदीने साय खड्ड्यात ठेवली. टाकली नाही, वाकून ठेवली. नंतर हातातला मग उपडा केला. पावडरीखाली ती हळूहळू फिकट होत गेली आणि कडांनी आत वळली. सिद्धी सगळं विरेपर्यंत उभी होती. आनंदीचे डोळे झोंबत होते. बायकांना वाटलं पावडरीने. पावडरीने नव्हतं. तिला आयुष्यात इतकं रडू कधी आलं नव्हतं, आणि ते तिने तिथे पडू दिलं नाही.

शनिवारी सुटी लवकर होई. घरी आली तेव्हा ऊन अजून काजूच्या डोंगरावर होतं. तिने हात धुतले, पुन्हा धुतले, वास जाईना. चुलीपाशी सकाळी लावलेल्या दह्याचं भांडं होतं. झाकण काढलं तर दही घट्ट लागलं होतं, वर जाड साय.

खिडकीतून तिला सुलोचना दिसली. वाटी घेऊन गडग्याकडे येत होती. आज नेहमीपेक्षा पुष्कळ लवकर.

आनंदीने झाकण ठेवलं. काडेपेटी घेतली, भराभर अंगण ओलांडलं आणि तुळशीपुढची वात पेटवली.

"आनंदे, गो, इतक्या बेगीन दिवो?" सुलोचना गडग्यापलीकडे थांबली. "इरजण व्हया व्हतां इल्लां."

"दिवो लावलो," आनंदी म्हणाली. "आता खंय दिवं?"

सुलोचनाने डोंगरावरच्या उन्हाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग हातातल्या रिकाम्या वाटीकडे. मग ती वळून घरी गेली. ओसरीवरून दत्तारामने सगळं पाहिलं होतं. 

उन्हात ज्योत दिसत नव्हती. वारा होता, म्हणून आनंदी तिच्याभोवती दोन्ही हात धरून काळोख पडेपर्यंत तिथेच बसून राहिली.